तळाची पट्टी आणि वरचे तीन ठिपके: मोबाइल ॲपमध्ये कोणती गोष्ट कुठे ठेवावी

मोबाइल ॲपच्या स्क्रीनवर दोन जागा अशा असतात की त्यांच्यावरून ॲप बनवणाऱ्यांमध्ये हमखास वाद होतो. एक म्हणजे तळाशी चार-पाच आयकॉन असलेली पट्टी आणि दुसरी म्हणजे वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके. आपल्या भागाला पट्टीवर जागा मिळावी असे प्रत्येकालाच वाटते आणि ज्याला ती मिळत नाही त्याची रवानगी ठिपक्यांमागे होते. हा वाद वरकरणी जागेचा दिसला, तरी माझ्या मते तो बहुतेक वेळा जागेचा नसतोच. पट्टी कशासाठी आहे आणि ठिपके कशासाठी आहेत हे आधी न ठरवल्यामुळे तो उद्भवतो.

सुरुवातीला नावांचा घोळ निस्तरायला हवा, कारण ‘नॅव्हिगेशन बार’ या एकाच नावाने तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. आयफोनसाठी काम करणारा डेव्हलपर नॅव्हिगेशन बार म्हणतो तेव्हा त्याला स्क्रीनच्या वरची, मागे जाण्याचे बटण आणि शीर्षक असलेली पट्टी अभिप्रेत असते. तळाच्या पट्टीला तो टॅब बार म्हणतो आणि तिच्यावरच्या एकेका आयकॉनला टॅब. गूगलच्या मटेरिअल डिझाइन या डिझाइनविषयक नियमावलीत मात्र तळाच्या पट्टीलाच नॅव्हिगेशन बार म्हणतात आणि वरच्या पट्टीला ॲप बार. त्यात भर म्हणजे अँड्रॉइड फोनच्या अगदी खालच्या कडेला मागे, होम आणि अलीकडची ॲप्स अशी जी तीन बटणे असतात, किंवा आता त्यांच्या जागी जी बारीक रेघ दिसते, तिचेही नाव तेच. ती ॲपची नसून फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमची असते. एकाच बैठकीत तिघे जण तीन वेगळ्या पट्ट्यांबद्दल बोलत आहेत हे अर्ध्या तासाने लक्षात येणे, हा या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव आहे. म्हणून या लेखात मी सरळ ‘तळाची पट्टी’ आणि ‘वरची पट्टी’ असेच म्हणणार आहे.

आता नोंदी ठेवण्याचे एक साधे ॲप डोळ्यांसमोर आणू. त्यात सगळ्या नोंदींची यादी आहे, स्मरणसूचना आहेत, इतरांनी आपल्याशी शेअर केलेल्या नोंदी आहेत आणि शोध आहे. एखादी नोंद उघडली की ती शेअर करता येते, पिन करता येते, तिची प्रत काढता येते, ती छापता येते किंवा हटवता येते. शिवाय सेटिंग्ज आणि मदत आहेतच. हे सगळे एकाच यादीत लिहिले की गोंधळ होतो, पण प्रत्येक शब्दापुढे ‘-मध्ये जा’ जोडून पाहिले की यादीची आपोआप फाळणी होते. ‘स्मरणसूचनांमध्ये जा’ हे कानाला बरोबर वाटते, ‘शेअर केलेल्यांमध्ये जा’ हेही चालते, पण ‘छापण्यामध्ये जा’ असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या प्रकारच्या गोष्टी म्हणजे ठिकाणे आणि दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे कृती. तळाची पट्टी ठिकाणांसाठी असते, वरची पट्टी आणि तिच्यातले तीन ठिपके त्या त्या स्क्रीनवरच्या कृतींसाठी असतात. ॲपल आणि गूगल या दोघांच्याही मार्गदर्शक सूचना बाकी अनेक बाबतींत वेगळ्या असल्या, तरी तळाच्या पट्टीवर कृती ठेवू नयेत याबद्दल त्यांचे एकमत आहे.

या नियमाला दोन ठिकाणी वळण पडते. ‘नवीन नोंद’ ही कृती असूनही अनेक ॲप्स ती अधिकचे चिन्ह करून तळाच्या पट्टीच्या मधोमध बसवतात. ॲपचे मुख्य कामच ते असेल तर मला ते खटकत नाही, पण मग ते चिन्ह शेजारच्या टॅबसारखे दिसता कामा नये, कारण टॅब निवडला की निवडलेला राहतो आणि हे चिन्ह तसे राहू शकत नाही. उलट बाजूने, सेटिंग्ज हे ठिकाणच असते, पण तिथे माणूस क्वचितच जातो. म्हणून त्याला पट्टीवरची जागा देणे बहुधा उधळपट्टी ठरते आणि ते प्रोफाइलच्या चित्रामागे किंवा ठिपक्यांमागे गेलेले बरे.

पट्टीवर किती ठिकाणे असावीत याचे सर्वमान्य उत्तर तीन ते पाच असे आहे. हा आकडा आला कुठून, हे थोडे मोजून पाहण्यासारखे आहे. अँड्रॉइडवर मापे डीपी या एककात मोजतात आणि १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच. ३६० डीपी रुंदीचा फोन घेतला आणि त्यावर पाच टॅब मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७२ डीपी येतात. सहा मांडले तर ६० आणि सात मांडले तर जेमतेम ५१. बोटाने नीट दाबता यावे यासाठी गूगल किमान ४८ डीपी जागा सुचवते, ॲपल त्याच्या मापात ४४ पॉइंट सुचवते. म्हणजे नुसत्या बोटाचा विचार केला तर सातही टॅब बसले असते! बसत नाही ते आयकॉनखालचे नाव. १२च्या आकारात लिहिलेला ‘स्मरणसूचना’ हा शब्द ७२ डीपीमध्ये सुखाने राहतो, ५१मध्ये त्याची शेपटी कापली जाते आणि वापरणाऱ्याने फोनवरचा मजकूर मोठा करून ठेवलेला असेल तर ६०मध्येही तीच गत होते. पाचाची मर्यादा ही बोटाची कमी आणि शब्दांची जास्त आहे.

नावे काढून टाकली की प्रश्न सुटतो, असा युक्तिवाद मग कोणीतरी करतोच. घर आणि भिंग ही चित्रे बहुतेकांना कळतात, पण हृदय म्हणजे आवडलेले, जतन केलेले की आरोग्यविषयक, हे प्रत्येक ॲपमध्ये नव्याने शिकावे लागते. घंटा म्हणजे आलेल्या सूचना की लावलेला गजर, हेही तसेच. चित्राखाली शब्द असला की हा प्रश्न उरत नाही, म्हणून नाव फक्त निवडलेल्या टॅबखाली दाखवून बाकीच्यांचे लपवणे ही तडजोडही मला पटत नाही. ज्या टॅबवर आपण आधीच पोहोचलो आहोत त्याच्या नावाची गरज सर्वांत कमी असते.

पट्टी तळाशीच का, याचे कारण हातात आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी मांडलेला नियम असे सांगतो की लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितके ते पटकन गाठता येते. फोन एका हातात धरला की अंगठ्याला सर्वांत जवळचा भाग खालचा असतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,३३३ प्रत्यक्ष निरीक्षणांमध्ये स्क्रीनला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हाताने वापरताना आढळले. त्यानंतर फोन आणखी उंच झाले आणि वरचे कोपरे अंगठ्यापासून अधिकच लांब गेले. निवडीचा वेळ पर्यायांच्या संख्येबरोबर वाढतो, हा विल्यम हिक यांचा १९५२चा नियमही या चर्चेत हटकून येतो, पण तो इथे जरा जास्तच ताणला जातो असे मला वाटते. रोज उघडलेल्या ॲपमध्ये माणूस टॅब वाचून निवडत नाही. बोटाला जागा पाठ झालेली असते. म्हणूनच पट्टीवरचा क्रम एकदा ठरला की तो सहजासहजी बदलू नये.

पट्टीऐवजी सगळी ठिकाणे एका बाजूच्या खणात लपवायची आणि त्यावर तीन आडव्या रेघांचे चिन्ह ठेवायचे, ही पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. हे चिन्ह मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे: नॉर्म कॉक्स यांनी ते झेरॉक्स कंपनीच्या १९८१मधल्या स्टार संगणकासाठी काढले होते. मोबाइलवर त्याला हॅम्बर्गर हे नाव पडले आणि मग खाद्यपदार्थांची रांगच लागली: उभे तीन ठिपके म्हणजे केबाब, आडवे म्हणजे मीटबॉल. फेसबुकने आपल्या आयफोन ॲपमधला बाजूचा खण सोडून २०१३ मध्ये तळाची पट्टी आणली. गूगलने त्याच वर्षी खणाची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली होती, पण २०१६ मध्ये मटेरिअल डिझाइनमध्ये तळाची पट्टीही दाखल झाली. त्याच वर्षी नील्सन नॉर्मन ग्रुप या संशोधन संस्थेने १७९ लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: मेनू लपलेला असला की लोक तो कमी वापरतात, उशिरा वापरतात आणि तेच काम त्यांना अवघड वाटते. खण अजूनही उपयोगी पडतो, पण तो मेलच्या फोल्डरांसारख्या लांब आणि वाढत जाणाऱ्या यादीसाठी.

तीन ठिपक्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती कळली की त्यांचा स्वभावही कळतो. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर ‘मेनू’ नावाचे खरेखुरे दाबायचे बटण होते. प्रत्येक स्क्रीनवरच्या जादा कृती त्या बटणामागे असत, पण या स्क्रीनवर अशा काही कृती आहेत की नाहीत हे सांगणारी एकही खूण स्क्रीनवर नसे; बटण दाबून पाहायचे, कधी मेनू येई, कधी काहीच होत नसे. २०११ मध्ये अँड्रॉइडच्या ३.० आवृत्तीने टॅब्लेटवर ॲक्शन बार नावाची वरची पट्टी आणली, त्याच वर्षी ४.० आवृत्तीने ती फोनवर आणली आणि ते बटण सक्तीचे राहिले नाही. त्याच्या जागी पट्टीच्या टोकाला तीन ठिपके आले. थोडक्यात, ते बटणच स्क्रीनवर चढून बसले, आणि त्याचे काम तेच राहिले: आत्ता समोर असलेल्या स्क्रीनवरच्या उरलेल्या कृती दाखवणे.

त्या मेनूला ओव्हरफ्लो का म्हणतात, तेही याच काळात स्पष्ट होते. डेव्हलपर प्रत्येक कृतीला एक सूचना जोडतो: नेहमी दाखव, कधीच दाखवू नको, किंवा जागा असेल तर दाखव. तिसऱ्या प्रकारातल्या कृती रुंद स्क्रीनवर आयकॉन म्हणून पट्टीवर दिसतात आणि अरुंद स्क्रीनवर भांडे भरल्यावर दूध उतू जावे तशा मेनूत जातात. मेनूत काय जाईल हे महत्त्वाच्या क्रमाने आधी ठरलेले असावे, अशी ही मूळ कल्पना होती. आज अनेक ॲप्समध्ये मेनू मुळातच ठरावीक असतो आणि त्यात काहीही उतू जात नाही, पण क्रम लावण्याची ती शिस्त मात्र सुटली आहे.

वरच्या पट्टीवरही जागेचा हिशेब मांडता येतो. ३६० डीपीमधून मागे जाण्याच्या बटणाला ४८, ठिपक्यांना ४८ आणि दोन आयकॉनना मिळून ९६ डीपी दिले की शीर्षकाला १६८ उरतात, आणि त्यातूनही थोडे समासात जातात. तिसरा आयकॉन आणला की शीर्षकाला १२० राहतात आणि ‘प्रवासाची तयारी’ या नोंदीचे ‘प्रवासाची…’ होऊन बसते. म्हणून फोनवर ठिपक्यांखेरीज दोनच आयकॉन ठेवावेत, असे मी म्हणेन. ते दोन कोणते, हे ठरवताना केवळ वारंवारता पाहून भागत नाही. ज्या कृतीला सर्वांना कळणारे चित्र आहे ती बाहेर शोभते. ‘शेअर करा’ आणि ‘पिन करा’ यांना ते आहे. ‘प्रत काढा’ किंवा ‘दुसऱ्या वहीत हलवा’ यांना तसे चित्र नाही, आणि मेनूत मात्र त्या पूर्ण शब्दांत लिहिता येतात. ठिपक्यांमागे जाणे ही शिक्षा नसून कित्येक कृतींसाठी तीच अधिक समजण्याजोगी जागा असते, हा मुद्दा पट्टीसाठी भांडणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मेनूत जे जाते ते काही लोकांना कधीच दिसत नाही, हेही तितकेच खरे. एका ॲपच्या चाचणीत मी शेजारी बसलो होतो. नोंद छापून दाखवा, एवढेच काम समोरच्या व्यक्तीला दिले होते. तिने नोंद उघडली, शेअरचे आयकॉन दाबून पाहिले, परत आली, तळाचे चारही टॅब एकेक करून पाहिले, सेटिंग्जपर्यंत जाऊन आली आणि मग ‘या ॲपमध्ये ती सोय नाही’ असे शांतपणे सांगितले. ठिपके तिला दिसले नव्हते असे नाही. ती त्यांना नुसती नक्षी समजली होती. आम्ही ‘छापा’ ही कृती शेअरच्या यादीतही ठेवली, कारण तिने ती सर्वांत आधी तिथेच शोधली होती.

मेनूतला क्रम वापराच्या क्रमाने लावावा आणि जी कृती केल्यावर पस्तावा होऊ शकतो ती सर्वांत शेवटी, मध्ये रेघ ओढून वेगळी ठेवावी. आयफोनवर ‘हटवा’सारखी कृती लाल अक्षरांत दिसते. चुकून दाबले गेलेच, तर ‘खात्री आहे का’ असे दर वेळी विचारण्यापेक्षा हटवल्यानंतर काही सेकंद ‘पूर्ववत करा’ देणे मला अधिक सभ्यपणाचे वाटते, कारण वारंवार येणारा प्रश्न लोक न वाचताच मान्य करतात. एखादी कृती तात्पुरती करता येत नसेल, तर ती यादीतून काढून टाकण्याऐवजी फिकट करून तिथेच ठेवावी, म्हणजे बाकीच्यांच्या जागा हलत नाहीत. वापरानुसार मेनूचा क्रम आपोआप बदलण्याचा मोह टाळावा. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरलेल्या कृती लपवणारे मेनू आणले होते आणि लोकांना कालची कृती आज जागेवर सापडेना. २००७च्या ऑफिसमध्ये मुख्य प्रोग्रॅममधून तो मेनूच गेला आणि रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली.

ठिपके कशाला लागू आहेत, हे त्यांच्या जागेवरून कळते. वरच्या पट्टीतले ठिपके संपूर्ण स्क्रीनसाठी असतात, यादीतल्या एखाद्या ओळीच्या टोकाचे ठिपके फक्त त्या ओळीसाठी. त्यामुळे ओळीच्या मेनूत ‘सर्व नोंदी क्रमाने लावा’ ठेवणे किंवा वरच्या मेनूत एकाच नोंदीची कृती ठेवणे हा सरळ घोटाळा होतो. ओळ बाजूला सरकवून किंवा दाबून धरून मिळणाऱ्या कृती सोयीच्या असतात, पण त्यांची कोणतीही खूण स्क्रीनवर नसते. त्या २००८च्या मेनू बटणासारख्याच आंधळ्या असतात, म्हणून तीच कृती दिसणाऱ्या जागीही असावी. आणि मेनूत एकच कृती असेल तर मेनू हवाच कशाला? एका कामाला दोन टॅप लागतात, इतकेच.

तळाच्या पट्टीलाही स्वतःचा ओव्हरफ्लो असतो. आयफोनवर डेव्हलपरने पाचापेक्षा जास्त टॅब दिले, तर प्रणाली पहिले चार ठेवते आणि पाचव्या जागी ‘अधिक’ नावाचा टॅब करून उरलेल्यांची यादी त्यात टाकते. ही सोय आयती मिळते म्हणून वापरणे सोपे आहे, पण ‘अधिक’ या शब्दावरून आत काय आहे याचा काहीच अंदाज येत नाही. सहावे ठिकाण आले की आधी हे तपासावे की पहिल्या पाचांपैकी दोन खरे तर एकाच ठिकाणाचे दोन भाग आहेत का. आपल्या नोंदींच्या ॲपमध्ये ‘शेअर केलेल्या’ हा वेगळा टॅब न ठेवता नोंदींच्याच यादीवर गाळणी म्हणून ठेवता येतो, आणि मग जागेची ओढाताण उरत नाही.

पट्टी दिसते कशी याइतकेच ती लक्षात काय ठेवते हेही महत्त्वाचे आहे. एका टॅबमध्ये तीन पातळ्या आत जाऊन नोंद वाचत असताना दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलो, तर तीच नोंद त्याच ओळीवर उघडी असली पाहिजे. म्हणजे प्रत्येक टॅबला मागे जाण्याचा स्वतःचा इतिहास ठेवावा लागतो. अँड्रॉइडच्या अधिकृत नॅव्हिगेशन लायब्ररीत, म्हणजे डेव्हलपरना मिळणाऱ्या तयार कोडमध्ये, हे थेट करण्याची सोय २०२२ मध्ये २.४ आवृत्तीत आली. त्याआधी प्रत्येक टीम ते आपापल्या परीने जुळवत असे. निवडलेल्याच टॅबवर पुन्हा टॅप केले की त्याच्या पहिल्या स्क्रीनवर किंवा यादीच्या वरच्या टोकाला पोहोचणे, हीही आता लोकांची सवय झाली आहे.

कडांच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. २०१७च्या आयफोन एक्सपासून होम बटण गेले आणि तळाशी ३४ पॉइंटची जागा प्रणालीच्या रेघेसाठी राखीव झाली. पट्टीचा रंग त्या जागेत पसरला तरी चालतो, पण आयकॉन तिच्या वरच असावे लागतात. दुसरीकडे, अँड्रॉइड १० मध्ये २०१९ साली कडेवरून आत सरकवले की मागे जाणे सुरू झाले आणि कडेवरूनच उघडणाऱ्या बाजूच्या खणाशी त्याची टक्कर झाली. खण उघडायला जावे आणि ॲपच बंद व्हावे, असे त्या काळात पुष्कळांनी अनुभवले आहे.

डोळ्यांनी न पाहता फोन वापरणाऱ्यांसाठी टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर स्क्रीन वाचून दाखवतात. तिथे ठिपक्यांना नाव दिलेले नसेल तर ऐकू येते केवळ ‘बटण’. त्यांना निदान ‘अधिक पर्याय’ आणि ओळीवरच्या ठिपक्यांना ‘प्रवासाची तयारी, अधिक पर्याय’ असे नाव द्यावे लागते, नाहीतर दहा ओळींची दहा बटणे एकाच नावाने ऐकू येतात. निवडलेला टॅब केवळ रंगाने दाखवणेही पुरेसे नाही; भरीव आयकॉन किंवा मागे गोलसर पार्श्वभूमी असावी. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या निकषांनी दाबण्याच्या जागेची किमान मर्यादा, काही अपवाद वगळून, २४ सीएसएस पिक्सेल (वेबवरचे मापाचे एकक) ठरवली आहे, पण ती तळरेषा आहे. ठिपक्यांचे चित्र बारीक असले तरी त्याभोवतीची दाबता येणारी जागा पूर्ण ४८ डीपीची ठेवायला काहीच खर्च येत नाही.

स्क्रीन रुंद झाली की हिशेब बदलतो. ६०० डीपीपासून पुढे तळाची पट्टी उचलून डाव्या कडेला उभी करतात, कारण टॅब्लेट दोन्ही हातांनी कडांवर धरला जातो आणि तळाचा मध्य कोणत्याच अंगठ्याजवळ नसतो. तिथे वरच्या पट्टीवरही जागा असते, त्यामुळे फोनवर मेनूत गेलेल्या कृती पुन्हा बाहेर येऊ शकतात, मात्र क्रम तोच ठेवून.

ॲप लोकांच्या हातात गेल्यावर कोणती कृती किती वेळा दाबली जाते याचे आकडे येऊ लागतात आणि मेनूतल्या कृती नेहमीच तळाला दिसतात. त्यावरून ‘हे कोणालाच नको आहे’ असे म्हणून ती कृती काढून टाकण्याची घाई होते. आमच्या ‘छापा’चे आकडेही शेअरच्या यादीत जाईपर्यंत असेच नगण्य होते.